विरजण न लागणारी खोली

लाइट आता काही लवकर येत नाही. सबस्टेशनवर माझा साडू असतो, त्यानेच मघाशी सायकलवरून जाता जाता सांगितलं. तेव्हा बसा इथेच ओट्यावर. जरा जवळ सरका. गोष्ट सांगतो, पण मधेच कोणी उठून पाणी प्यायला आत जायचं नाही. तहान असेल तर आत्ताच पिऊन घ्या.

ही ऐकीव नाही हं पोरंहो. ज्याच्यावर ती वेळ आली त्याच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच होती. भिंतही अशी पातळ, की त्यांच्याकडे फोडणी पडली की शिंक मला यायची. दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला खोड आहे असं तुमची कुंदाकाकू म्हणते. म्हणू द्या. मी डोकावत नाही, माझ्यापर्यंत आपोआप येतं.

तेव्हा आम्ही भडगावला होतो. गिरणा नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत माझी पिठाची चक्की होती. साल एक्क्याण्णव. त्या साली वैशाख अधिक आला होता, धोंड्याचा महिना. ऊन असं, की दुपारी कुत्रंसुद्धा गल्ली ओलांडायचं नाही.

एका संध्याकाळी, दिवेलागणीच्या जरा आधी, शेजारचे बन्सीलाल सर हातात वाटी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"काकू, थोडं विरजण मिळेल का?"

कुंदाकाकू चूल सारवत होती. तिने वरही पाहिलं नाही. "सर, काल नेलं, परवा नेलं. दही खाता की विकता?"

"लागतच नाही हो. सकाळी बघावं तर दूध ते दूधच."

"नासलं असेल. उन्हाळा काय कमी आहे?"

"नासतही नाही काकू," सर म्हणाले. "तेच तर."

आणि हसले. खूश होऊन हसले. मला तेव्हाच नवल वाटलं. दही लागत नाही म्हणून कोणी खूश होतं का?

आता सर कोण ते सांगतो. धुळ्याकडच्या खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, शिकून कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागलेला. माणूस गरीब गाय, पण डोक्यात एकच किडा. आपली केळी रेल्वेच्या वाघिणीत भरून दिल्लीला जायची, वाटेत पिकून पाणी व्हायची, आणि इकडे शेतकरी डोक्याला हात लावून बसायचा. सरांना वाटे, केळी महिनाभर हिरवी ठेवता आली तर सगळ्या खानदेशाचं भलं होईल. मला त्यांनी एकदा चक्कीवर बसून समजावलं होतं. एक केळं पिकायला लागलं की त्यातून एक वायू निघतो, तो वायू शेजारच्या केळ्याला पिकवतो, त्याचा त्याच्या शेजारच्याला.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या गल्लीसारखंच की. एका घरात भांडण झालं की संध्याकाळपर्यंत चार घरांत."

तो वायू शोषून घ्यायला सर विटांचे बारीक तुकडे करायचे आणि विहिरीत टाकतात त्या जांभळ्या औषधात भिजवून वाळवायचे. मग केळ्याच्या फण्या आणि ते तुकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचे. कॉलेजात जागा नव्हती, म्हणून हे सगळं भाड्याच्या घरातच. घर तोताराम भाऊंचं. ते स्वतः जळगावला मुलांकडे राहायचे. त्याला पुढे एक खोली, मागे स्वयंपाकाची पडवी, आणि मधे एक आतली खोली. आतल्या खोलीला खिडकी नाही. बरीच वर्षं तिला कुलूपच होतं. सरांनी मागून घेऊन ती उघडून घेतली. तिथे दोरीने विणलेली एक जुनी बाज तेवढी होती.

पुढच्या खोलीत औषधाच्या पिशव्या. आतल्या खोलीत साध्या फण्या, बिनऔषधाच्या. आता साध्या फण्या आधी पिकायला पाहिजेत, बरोबर? औषध कामाला येतं की नाही ते त्यावरूनच कळणार.

औषधाच्या पिकल्या. साध्या पिकल्याच नाहीत.

सरांना वाटलं, आपलीच अदलाबदल झाली. त्यांनी पुन्हा मांडणी केली. या खेपेला औषधाच्या आत, साध्या बाहेर. बाहेरच्या आठवड्यात पिवळ्या धमक झाल्या. आतल्या मात्र जशा झाडावरून उतरवल्या तशा, देठाला चीकसुद्धा ओला. मग औषध काढून टाकलं. तरी आतल्या हिरव्याच. म्हणजे औषधाचा काही संबंधच नाही. जे काय आहे ते त्या खोलीत.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. पण शिकलेल्या माणसाला घाबरायलाही पुरावा लागतो. सरांना वाटलं, भिंतीच्या मातीत काहीतरी आहे, ती माती वायू ओढून घेते. त्यांनी पोपडे खरवडले, पुड्या बांधल्या, पुण्याला कोणा मोठ्या शास्त्रज्ञाकडे पाठवल्या. आणि उत्तराची वाट बघत बसले. घरातली दह्याची वाटी, भिजवलेले मूग, जे हाती लागेल ते त्या खोलीत ठेवून बघायचे. मूग फुगायचे आणि तिथेच थांबायचे. मोड काही फुटायचे नाहीत.

आता त्यांच्या बायकोचं ऐका, कारण खरी गोष्ट तिची आहे.

तिचं नाव लता. नाशिकची पोर. आमची अहिराणी तिला ओ की ठो कळायची नाही. कुंदाकाकू बोलायला लागली की ती नुसती हसायची आणि मान हलवायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, ती पोटुशी होती, ही दुसरी खेप, आणि पहिलं पोटातच गेलं होतं. त्यामुळे पोर जपून जपून पाऊल टाकायची. आणि सरही. रात्री तिने कूस बदलली तरी सर उठून बसायचे, ते मला भिंतीतून ऐकू यायचं.

ती आतली खोली गार होती. बाहेर भट्टी पेटलेली, आणि आत पाऊल टाकलं की माठाजवळ बसल्यासारखं. होळीनंतर लता तिथेच बाजेवर झोपायला लागली. दुपारीही तिथेच, रात्रीही तिथेच. सरांना वाटलं, बरंच झालं, पोरीला उन्हाचा त्रास नाही.

सरकारी दवाखान्यात पुष्पाबाई नावाच्या सिस्टर होत्या. केस पांढरे झालेल्या, नोकरीची शेवटची वर्षं. कुंदाकाकू लताला दर महिन्याला त्यांच्याकडे घेऊन जायची. एप्रिलच्या शेवटी गेल्या तेव्हा पुष्पाबाईंनी पोटावर हात ठेवून मोजलं. पुन्हा मोजलं. म्हणाल्या, "गेल्या दोन खेपेला जेवढं होतं तेवढंच आहे. हे नवव्याचं पोट नाही. सातव्याचं आहे."

घरी येताना पोर रडवेली झाली. कुंदाकाकूने तिला आमच्या ओट्यावर बसवलं, गुळाचा खडा हातात दिला.

"फिकर नको करू वं पोरी. यंदा धोंडाना महिना शे. मोजामा चूक व्हयनी व्हई. बठ्ठं बराबर व्हई जाई."

लताने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "ती म्हणते, यंदा अधिक महिना आहे. बायका तिथीने मोजतात, त्यात एक महिना जास्तीचा धरला गेला असेल. सगळं ठीक होईल."

पोरीचा चेहरा उजळला. सरांनाही ते पटलं. पटणारच, पटवून घ्यायचंच होतं. आम्हाला सगळ्यांनाच पटलं. धोंड्याच्या महिन्यावर आम्ही सगळं ढकलून दिलं. अहो, पण जास्तीचा महिना दोन महिन्यांची वाढ कशी खाईल? हा हिशोब कोणी केलाच नाही.

आता ती रात्र. चौदा मे, मंगळवार. अधिकाची अमावस्या.

त्या संध्याकाळी सर आतल्या खोलीत मुगाची वाटी बघत होते. लता बाजेवर बसून पंख्याने वारा घेत होती.

ती म्हणाली, "अहो, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"सांग ना."

"बाळ हलत नाही आजकाल."

सरांच्या हातातली वाटी तशीच राहिली. "कधीपासून?"

"बरेच दिवस. दुखत नाही काही. मला वाटलं, असंच असेल. कसं सांगू... मूल खेळत असतं आणि कोणीतरी त्याला 'थांब' म्हणतं, मग ते श्वास धरून उभं राहतं बघा. तसं वाटतं. ऐकतंय कोणाचं तरी."

सरांनी वाटीतल्या मुगाकडे पाहिलं. आठ दिवसांपूर्वी भिजवलेले मूग. फुगलेले. टपोरे. थांबलेले.

मग भिंतीला लावलेल्या फण्यांकडे पाहिलं.

मग लताच्या पोटाकडे.

नंतर मला म्हणाले, "नाना, माझ्या सगळ्या प्रयोगात मी ती एक गोष्ट धरलीच नव्हती. खोलीत काय काय ठेवलंय ते सगळं मी रोज बघत होतो. तिला सोडून."

पण त्या क्षणी ते एवढंच म्हणाले, "लता, ऊठ. आजपासून या खोलीत झोपायचं नाही. आजची रात्र नानांकडे."

"इतक्या उकाड्यात? सकाळी जाऊ ना."

"आत्ता."

त्यांच्या आवाजात असं काही होतं की ती उठलीच. सरांनी गादी खांद्यावर घेतली, तिला पुढच्या खोलीत खाटेवर बसवलं. "मी गादी टाकून येतो, मग तुला नेतो. अंधारात पायऱ्या उतरू नकोस," म्हणाले, आणि आमच्याकडे आले.

मी म्हटलं, "सर, घर आपलंच आहे, विचारता काय?" कुंदाकाकूने गच्चीवर जागा झाडली, चादर घातली. तेवढ्यात लाइट गेली. सगळी गल्ली अशी काळी झाली की स्वतःचा हात दिसेना. अमावस्याच ती. मी म्हटलं, "कंदील घेऊन जा." सर म्हणाले, "आपल्याच घरात कंदील कशाला?" आणि निघाले.

आता पुढचं मी बघितलेलं नाही. सरांनी सांगितलं तसं सांगतो.

ते दारातून आत शिरले. अंधार. पुढच्या खोलीतून चाचपडत चालले होते, आणि आतल्या खोलीतून हाक आली.

"ओ..."

आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सगळ्यांचाच नवरा 'ओ', सगळ्यांचाच 'अहो'. सरांना वाटलं, ही पोरगी पुन्हा आत जाऊन झोपली. मनातून चिडलेही.

पुन्हा हाक आली. हळू. थकलेली. कितीतरी वेळ कोणाची वाट बघून गळा सुकल्यासारखी.

"ओ... उनात का?"

सर धुळ्याकडचे. आईच्या मांडीवर जी भाषा ऐकली तीच ती. विचार करायला वेळच लागला नाही. तोंडातून निघून गेलं.

"उनू, उनू."

आलो, आलो.

आणि मग त्यांचा पाय जागच्या जागी थिजला.

लताला अहिराणी येत नाही.

आतून आवाज नाही. काहीच नाही. रातकिडासुद्धा नाही. मग एक मोठा श्वास बाहेर पडला. डोक्यावरचा भारा खाली टाकल्यावर बाई सोडते ना, तसा. लांब. खूप लांब...

मागून, अगदी पाठीमागून, खाटेवरून लता म्हणाली,

"अहो? कोणाशी बोलताय?"

सरांनी मागे हात नेऊन खाट चाचपली.

आतून वास आला. पिकल्या केळ्याचा. आधी थोडा. मग भपकारा. मग असा, की घशात उतरावा.

टप्.

काहीतरी जमिनीवर पडलं.

टप्. टप्.

बाज करकरली.

कोणीतरी त्या बाजेवरून उठत होतं.

पाऊल. मातीच्या जमिनीवर अनवाणी पाऊल. जड. पोटुशी बाई टाकते तसं, आधी टाच, मग तळवा. एक... आणि एक... दाराकडे येत होतं. उंबऱ्याशी थांबलं. सरांच्या समोर हातभर अंतरावर. दिसत काही नव्हतं. तोंडावर मात्र गार वारं लागत होतं.

आणि ती बोलली. सरांशी नव्हे. खाली मान घालून, पोटाशी बोलावं तसं.

"उना रे... तुना बाप उना. ये आते."

तुझा बाप आला. ये आता.

मागे लता किंचाळली.

ती किंकाळी मी भिंतीतून ऐकली. कंदील होताच हातात. मी आणि कुंदाकाकू धावलो. दारात मी कंदील वर धरला, आणि जे पाहिलं ते सांगतो, पोरंहो, माझ्या डोळ्यांनी.

लता खाटेवर मागे रेलली होती. सरांचा हात तिच्या पोटावर होता. सर वेड्यासारखे माझ्याकडे बघत होते.

"नाना, हात लावून बघा. नाना... हे वर येतंय."

मला लावायची गरज पडली नाही. दूध तापताना कसं आधी शांत असतं, आणि मग कडेने हळूच चढायला लागतं... तसं. लुगड्याखाली पोट चढत होतं. डोळ्यांदेखत.

कुंदाकाकू "अरे देवा" म्हणून खाली बसली. मग लगेच उठली. बायका अशा वेळी उठतातच. "बघत काय बसलात? लोटनला हाक मारा!"

मी वळलो तेव्हा कंदिलाचा उजेड आतल्या खोलीत पडला. भिंतीला लावलेल्या फण्या पिवळ्या झाल्या होत्या. मी बघता बघता त्यांच्यावर ठिपके आले. ठिपके मोठे झाले. काळे झाले. एकेक केळं देठापासून सुटून पडत होतं. टप्. मुगाच्या वाटीतून पांढरे मोड बाहेर आले होते, वीत वीत लांब, वाटीच्या काठावरून खाली लोंबत होते. ते हलत होते. वारा नव्हता.

बाजेच्या दोरीत मधोमध खोलगा पडला होता. कोणी नुकतंच उठून गेल्यावर पडतो तसा. तो हळूहळू वर येत होता.

मी दार ओढलं. बाहेरच्या दाराला कुलूप मीच घातलं, चावी माझ्या बंडीच्या खिशात टाकली.

लोटन आमच्या गल्लीतला जीपवाला. त्याने चड्डी-बनियनवरच जीप काढली. दवाखाना काही फार लांब नाही, पण त्या रात्री संपता संपेना. मागे कुंदाकाकूने लताचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोर ओरडत होती. "अहो, फाटतंय... अहो, एकदम येतंय सगळं..." सर तिचा हात धरून एकच वाक्य म्हणत होते, "मी इथेच आहे, मी इथेच आहे." मधेच ते गप्प झाले. हे वाक्य नक्की कोण ऐकतंय, असं त्यांच्या मनात आलं असावं.

पुष्पाबाई रात्रपाळीला होत्या. त्यांनी लताला पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पंधरा दिवसांपूर्वी त्याच हाताने त्यांनी मोजलं होतं. पण लगेच तिला आत घेतलं, दार लावलं.

आम्ही बाहेर बाकावर. सर गुडघ्यांत डोकं घालून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून. आतून लताचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. त्या शांततेत जे काय वाटतं ना... ते तुमच्यापैकी कोणाच्या वाट्याला न येवो.

मग एक बाळ रडलं.

मुलगी. पुष्पाबाईंनी कापडात गुंडाळून बाहेर आणली. आई बरी होती, खूप रक्त गेलं होतं, पण बरी होती. सर बाळाला घ्यायला पुढे झाले, आणि पुष्पाबाई म्हणाल्या, "हात बघा हिचे."

इवलेसे हात. कातडी सुरकुतलेली, पाण्यात फार वेळ राहिल्यासारखी सोलवटलेली. आणि नखं. बोटांच्या पुढे आलेली, चांगली वाढलेली नखं.

"मुदत उलटून गेलेल्या मुलांची अशी असतात," पुष्पाबाई म्हणाल्या. "सर, ही पोरगी केव्हाची तयार होती. हिला कोणीतरी धरून ठेवलं होतं."

पुष्पाबाईंनी मला विचारलं, "राहतात कुठे हे?"

मी सांगितलं. तोताराम भाऊंचं घर. गिरणेकडच्या गल्लीत.

बाई खाली बसल्या. बाळासकट बसल्या.

"आतल्या खोलीत झोपायची का ही?"

मग त्यांनी सांगितलं. आम्ही त्या गल्लीत यायच्या फार आधीची हकीकत, त्या तेव्हा नोकरीला नव्या होत्या. तोताराम भाऊंची भावजय होती, बेबाबाई. तिचा नवरा धनसिंग सुरतेला कापडाच्या गिरणीत कामाला गेलेला. जाताना सांगून गेला, बाळंतपणाच्या आधी येतो, मी आल्याशिवाय मोकळी होऊ नको. थट्टेने म्हणाला असेल. तरण्याताठ्या नवऱ्याची थट्टा. पण तिने ती धरून ठेवली. कळा सुरू झाल्या, तो आलेला नव्हता. तिने आतून कडी लावून घेतली. सुईणीला आत येऊ देईना. पुष्पाबाई दाराबाहेर बसून रडत होत्या, कडी काढ म्हणत होत्या, आणि आतून बेबाबाई पोटातल्या पोराला सांगत होती, "थांब रे. तुना बाप येवू दे. थांब." रात्रभर. दुसऱ्या दिवशीही. मग आवाज बंद झाला. दार मोडलं तेव्हा दोघंही गेलेली. मूल पोटातच.

"आणि धनसिंग?" मी विचारलं.

"तो आलाच नाही. कुठे गेला, कोणाला ठाऊक नाही."

सर तेव्हा पहिल्यांदा बोलले.

"सिस्टर, तिने मला विचारलं, उनात का. मी... उनू म्हटलं."

पुष्पाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बाळाला घेऊन आत निघून गेल्या.

फटफटायला लागलं होतं. बाळाला कपडा नव्हता, लताला लुगडं नव्हतं. कुंदाकाकू तिच्याजवळ बसली होती, ती काही उठेना. मी सरांना म्हटलं, "चला, उजाडलंय. मी आहे बरोबर. दारातल्या दारात कपडे घेऊ आणि निघू." आम्ही चालत निघालो. गल्ली झोपलेली. माझ्या घराला कुलूप. त्यांच्या घराला रात्री मी घातलेलं कुलूप, तसंच. मी खिशातून चावी काढली.

सरांनी माझा हात धरला.

उंबऱ्यापाशी जमीन ओली होती. त्या वैशाखात सांडलेलं पाणी क्षणात आटायचं. ही ओल ताजी होती, आत्ताची, मातीवर पाण्याचा गोल अजून चमकत होता. आणि उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना भाकरीचे दोन तुकडे टाकलेले होते. डावीकडे एक. उजवीकडे एक. खूप दिवसांनी, लांबून घरी आलेल्या माणसावरून बाई ओवाळून टाकते ना... तसे.

मी वाकून पाहिलं. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. कडेला थापणारीच्या बोटांचे ठसे.

तुकड्यातून वाफ निघत होती.